लष्करी अभियंता की चार वर्षांचा अग्निवीर?

चेन्नईतील टी. नगर म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे नेते सर त्यागराय चेट्टी यांचे नाव धारण करणारी ही वसाहत १९२०च्या दशकात एका मोठ्या तलावाच्या जागेवर वसली. उस्मान रोडवरील सराफी पेढ्या, पाँडी बाजार आणि रंगनाथन स्ट्रीटवरील बहुमजली कापडदुकाने यांमुळे आज ती देशभर परिचित आहे. कम्युनिस्ट चळवळीतील कार्यकर्ते तिला आणखी एका कारणाने ओळखतात. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे 'बालन इल्लम्' आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राज्य कार्यालय ही दोन्ही याच भागात आहेत. परंतु दुकानांच्या झगमगाटामागे दिवसभर उभे राहून राबणारे हजारो तरुण कामगार हीच टी. नगरची खरी ओळख होय. या कामगारांना कामाच्या जागी साधे बसता यावे, एवढ्यासाठी तमिळनाडू विधानसभेला २०२१ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करावी लागली.

अशा वस्तीत बारावीचा निकाल लागतो, तेव्हा गुणपत्रिकेकडे पाहणारे डोळे निराळे असतात. मुलाने दुकानाच्या काउंटरमागे उभे राहू नये, ही आईबापांची पहिली इच्छा असते. त्यांत मराठी कुटुंबेही येतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर, विटा, आटपाडी आणि साताऱ्यातील माण-खटाव या दुष्काळी पट्ट्यांतून सोन्याचांदीच्या गलाईसाठी बाहेर पडलेली माणसे दक्षिणेतील बहुतेक मोठ्या सराफ बाजारांच्या आसपास गेल्या कित्येक दशकांपासून राहत आली आहेत. समजा, अशाच एखाद्या गलाई कामगाराचा मुलगा टी. नगरच्या शाळेतून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बारावी झाला आहे. बापाचे आयुष्य भट्टीच्या धुरापुढे गेले. मुलाला अभियंता व्हायचे आहे. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क परवडणारे नाही. आणि त्याने ऐकले आहे की, लष्कर पदवीही देते आणि नोकरीही. त्याने जावे काय?

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. एक उत्तर राष्ट्रभक्तीच्या भाषणातून येते : तरुणाने गणवेश चढवावा, अटी विचारू नयेत. दुसरे उत्तर कधीकधी पुरोगामी वर्तुळातून येते : लष्कर हे राज्यसत्तेचे हत्यार, तेव्हा त्या वाटेला जाऊच नये. दोन्ही उत्तरे देणारा आपापल्या जागी समाधानी राहतो आणि मुलगा एकटा पडतो. ज्याच्यापुढे काउंटर, भट्टी आणि बेकारी एवढेच पर्याय आहेत, त्याला शिक्षण आणि स्थिर नोकरी देणारी वाट नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु त्याच वाटेच्या तोंडाशी एक फसवे वळण आहे. ते दाखवून देणे हे मात्र प्रत्येक जाणत्या कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

एका गुणपत्रिकेची दोन दारे

बारावी विज्ञान शाखेच्या एकाच गुणपत्रिकेवर भूदलात तांत्रिक कामासाठी शिरण्याची दोन दारे आहेत.

पहिले दार 'टेक्निकल एन्ट्री स्कीम'चे, म्हणजे बारावीनंतरच्या तांत्रिक प्रवेश योजनेचे. वय साडेसोळा ते साडेएकोणीस. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांत मिळून किमान ६० टक्के गुण. जेईई मेन परीक्षा दिलेली असणे आवश्यक. त्यानंतर सेवा निवड मंडळाची कित्येक दिवस चालणारी मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. निवड झाल्यास शिक्षण पुण्यातील दापोडीचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, महूचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा सिकंदराबादचे विद्युत व यंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय यांपैकी एका ठिकाणी होते. पूर्वी पाच वर्षांचा असलेला हा क्रम आता चार वर्षांचा करण्यात आला आहे. शिक्षणाचा खर्च सरकार करते. शेवटी हाती अभियांत्रिकीची पदवी येते आणि लेफ्टनंटच्या हुद्द्यावर कायम स्वरूपाचे कमिशन मिळते. सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपये, त्यावर १५,५०० रुपये लष्करी सेवा वेतन आणि इतर भत्ते. वीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क. मात्र एका तुकडीच्या जागा साधारणतः ९०, आणि अशा तुकड्या वर्षातून दोन.

दुसरे दार अग्निपथ योजनेचे. १४ जून २०२२ रोजी ही योजना जाहीर झाली. 'अग्निवीर टेक्निकल' या वर्गासाठीही त्याच बारावी विज्ञान शाखेचे गुण लागतात; एकूण ५० टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ४०. परंतु या दारातून आत जाणारा चार वर्षांसाठी जातो. योजनेत पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये ठरले. त्यांतील ३० टक्के सेवानिधीसाठी कापून हाती २१,००० येतात. चौथ्या वर्षी आकडा ४०,००० वर जातो. मुदत संपली की सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी हाती देऊन निरोप. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही. प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम सेवेत घेण्याची तरतूद आहे. उरलेल्या चारांतील तिघांनी वयाच्या बाविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पुन्हा नोकरीच्या रांगेत उभे राहावयाचे. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या. त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीस आणि २०२७ च्या आरंभी भरतात.

प्रश्न असा की, शाळा एक, विषय तेच, वयही जवळपास तेच. मग एका मुलाला वीस-तीस वर्षांची कारकीर्द आणि दुसऱ्याला चार वर्षांचा करार, ही वाटणी कोण करते? गुणवत्ता करते, असे सांगितले जाईल. ते किती खरे आहे, हे टी. नगरमधूनच तपासून पाहता येते.

दार कोणासाठी उघडते?

टी. नगरपासून काही मैलांवर गिंडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७९४ मध्ये मोजणीदार तयार करण्यासाठी आठ मुलांची सर्वेक्षण शाळा काढली, तिचाच हा विस्तार. कंपनीला मुलूख मोजायचा होता, सारा आकारायचा होता, रस्ते व पूल बांधून फौजा हलवायच्या होत्या. त्यासाठी एतद्देशीय मुलांच्या हाती मोजणीची साखळी देण्यात आली. पुण्यात १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वर्गाचा हेतूही सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी घडविण्याचाच होता. वसाहतीच्या गरजेपोटी निघालेल्या या संस्था पुढे जनतेच्या झाल्या, त्या आपोआप नव्हे. शुल्क, राखीव जागा आणि प्रवेशपद्धती यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडा द्यावा लागला, तेव्हा कोठे त्या झाल्या.

तमिळनाडूने या झगड्यात बरेच काही मिळविले. अभियांत्रिकीसाठीची स्वतंत्र प्रवेश परीक्षा २००६ च्या कायद्यानंतर २००७ मध्ये रद्द झाली आणि बारावीच्या गुणांवर प्रवेश सुरू झाले. परीक्षेच्या खाजगी शिकवण्या शहरातील सुखवस्तू घरांनाच परवडतात, खेड्यातील व सरकारी शाळेतील मूल मागे पडते, हे त्यामागचे कारण होते. २०२१ मध्ये सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी अभियांत्रिकीत साडेसात टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या आणि त्यांच्या शुल्काचा भार राज्य सरकारने उचलला.

आता लष्कराच्या पहिल्या दाराकडे पाहावे. राज्याने जी पायरी काढून टाकली, तीच तेथे जेईईच्या रूपाने पुन्हा उभी आहे. २०२१ पासून ही परीक्षा मराठी व तमिळसह तेरा भाषांत देता येते, हे खरे. तेवढा अन्याय दूर झाला. परंतु अडथळा भाषेपुरता नव्हता. दोन-दोन वर्षांच्या महागड्या शिकवणीशिवाय त्या परीक्षेत वरचा क्रम मिळविणे फारच थोड्यांना साधते, आणि उमेदवारांची छाननी त्या क्रमावरच होते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची वाट धरावी, तर तिची लेखी परीक्षा आजही हिंदी आणि इंग्रजीतच होते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या शिपाईभरतीची परीक्षा २०२४ पासून मराठी-तमिळसह तेरा प्रादेशिक भाषांत होऊ लागली. शिपायाला मातृभाषा चालते, मग अधिकाऱ्याला का चालू नये? मातृभाषेत गणित सोडविणारा मुलगा हुकूम पाळू शकतो पण देऊ शकत नाही, असे तर कोणास म्हणावयाचे नाही ना?

मुलींच्या बाबतीत चित्र अधिकच विपरीत आहे. गिंडीच्या महाविद्यालयाने १९४०च्या दशकातच मुलींना प्रवेश दिला. देशातील पहिल्या महिला विद्युत अभियंत्या ए. ललिता याच संस्थेतून बाहेर पडल्या. त्यानंतर ऐंशी वर्षे लोटली, तरी भूदलाची बारावीनंतरची तांत्रिक प्रवेश योजना अविवाहित पुरुषांपुरतीच राहिली आहे. नौदलाने अशाच योजनेत अलीकडे मुलींसाठी काही जागा ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुली दाखल झाल्या आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी बाहेरही पडली. टी. नगरपासून जवळच असलेल्या परंगीमलै परिसरातील ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत १९९२ पासून महिला अधिकारी घडत आहेत. मात्र अभियंता म्हणून तेथे यायचे, तर मुलीने पदवी आधी स्वतःच्या खर्चाने मिळवावयाची. मुलाची पदवी सरकारच्या खर्चाने, मुलीची बापाच्या खर्चाने! गरीब घरात या फरकाचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको.

तेव्हा ही वाटणी गुणवत्ता करते हे अर्धसत्य आहे. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे, इंग्रजीचा सराव आणि योजनेची माहिती आहे, त्याच्यासाठी पहिले दार उघडे असते. ज्याच्या घरी यांतले काहीच नाही, त्याला दुसरे दार आहे हे गावच्या भिंतीवरील जाहिरातही सांगते. पहिले दार आहे, हेच त्याला कोणी सांगत नाही.

महूचा धडा आणि राणे यांची सात वर्षे

गरिबाने लष्करातून शिक्षण मिळविणे ही काही नवी गोष्ट नाही. ज्या महूत आज दूरसंचार अभियंते शिकतात, त्याच छावणीत १८९१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तेथील लष्करी शाळेत शिक्षक होते. गावातील शाळेची पायरी ज्यांना चढू दिली जात नव्हती, त्यांच्या मुलामुलींना पलटणीत अक्षरओळख झाली. ब्रिटिशांनी 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताचा आधार घेऊन १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली, तेव्हा केवळ नोकरीच नव्हे, तर शिक्षणाचेही एक दार बंद झाले. म्हणूनच सेवानिवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी ती भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केला, आणि म्हणूनच १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहण्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. ही माणसे साम्राज्याची भाट नव्हती. नोकरीच्या अटी आणि नोकरीतून मिळणारा माणुसकीचा दर्जा या दोन्ही गोष्टींवर त्यांची नजर होती. दलित व श्रमजीवी चळवळीने या विषयाकडे कसे पाहावे, याचा धडा तेथे मिळतो.

दुसरे उदाहरण अभियंता सैनिकाचेच आहे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सैनिक म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ते लढले, शिकले, पायरीपायरीने वर चढले आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. एप्रिल १९४८ मध्ये नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या मार्गावर शत्रूने सुरुंग पेरले होते, झाडे आडवी पाडून वाट अडविली होती. जखमी अवस्थेत, गोळीबाराखाली, दिवसरात्र राबून राणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रणगाड्यांसाठी तो मार्ग मोकळा केला. त्यांना परमवीर चक्र मिळाले, आणि ते हयात असताना मिळाले.

आता एक साधा हिशेब करावा. १९४० मध्ये भरती झालेल्या राणे यांना चार वर्षांची मुदत असती, तर ते १९४४ मध्येच घरी परतले असते. सुरुंग ओळखणारी ती नजर, पूल बांधणारे ते हात आणि सैनिकापासून अधिकाऱ्यापर्यंतची ती सात वर्षांची शिडी यांतील काहीच १९४८ मध्ये देशाच्या कामी आले नसते. तांत्रिक सैनिकाचे कौशल्य कवायतीच्या मैदानावर काही महिन्यांत तयार होत नाही. १७८० पासूनची परंपरा सांगणारे मद्रास सॅपर्स असोत की खडकीचे बॉम्बे सॅपर्स असोत, त्यांची कीर्ती दीर्घ सेवेच्या अनुभवावर उभी राहिली. अग्निपथच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे की, या योजनेने सैन्य तरुण राहील, निवृत्तिवेतनाचा भार हलका होईल आणि शिस्त लागलेला तरुण समाजात परत येईल. यांतील मधला मुद्दा खरा आहे, आणि खरा तो एकटाच आहे. भार हलका होतो, तो सैनिकाच्या म्हातारपणाच्या खर्चाने. जे चार वर्षांत शिकून चारांतील तीन घरी जातात, त्यांच्या जागी पुन्हा नवशिके आणावयाचे, यात सैन्याचे बळ कसे वाढते, हे सामान्य माणसाच्या बुद्धीला पटण्यासारखे नाही.

न वाचल्या जाणाऱ्या अटी

पहिल्या दाराच्याही अटी आहेत आणि त्या आधीच वाचल्या पाहिजेत. प्रशिक्षण वैयक्तिक कारणाने मध्येच सोडणाऱ्याकडून प्रशिक्षणाचा खर्च वसूल केला जाऊ शकतो. याहून गंभीर बाब प्रशिक्षणातील अपघाताची. कवायतीत, मुष्टियुद्धात किंवा पाण्यात मणका व मेंदू यांना कायमची इजा होऊन घरी पाठविण्यात आलेल्या छात्रांना माजी सैनिकाचा दर्जाच मिळत आला नाही, कारण कमिशन मिळण्यापूर्वी ते सैनिक नव्हेत, असा नियम. परिणामी निवृत्तिवेतनाऐवजी तुटपुंजे अनुदान. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर त्याच महिन्यात सरकारने अशा छात्रांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेण्याचे ठरविले. वैद्यकीय उपचारांची सोय झाली. दर्जाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही. अठरा वर्षांचा मुलगा सरकारच्या हुकुमाने धावतो, पडतो आणि जन्माचा अपंग होतो, तेव्हा तो कोण असतो? गिरणीतील शिकाऊ उमेदवाराच्या अपघाताबद्दल कामगार चळवळीने जो प्रश्न विचारला, तोच हा प्रश्न आहे.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात. तेथे घरटी सैनिक असल्याची परंपरा पहिल्या महायुद्धाच्याही आधीपासूनची आहे. अशा गावांनी मुले देताना कधी हात आखडला नाही. परंतु त्या गावांना हेही ठाऊक आहे की, मनिऑर्डर आणि निवृत्तिवेतन यांनी दुष्काळी वर्षांत चुली पेटत्या ठेवल्या. चार वर्षांच्या नोकरीने तोच आधार मोडीत निघतो.

मुदत छावणीत आणि कारखान्यातही

टी. नगरच्या वायव्येस आवडीला अवजड वाहनांचा कारखाना आहे. १९६५ मध्ये येथून 'विजयंता' रणगाडा बाहेर पडला. पुढे 'अर्जुन' आणि टी-९० हेही येथेच तयार झाले. लष्करी अभियांत्रिकीत रस असलेल्या, पण गणवेश न चढविणाऱ्या तरुणाला हे तिसरे दार होते : आयटीआय करावे, शिकाऊ उमेदवारी करावी आणि सरकारी कारखान्यात कायम कामगार व्हावे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून ४१ कारखाने सात कंपन्यांत विभागण्यात आले. संरक्षण कामगारांच्या संघटनांनी विरोध केला, तेव्हा तात्पुरता कायदा करून संपावर बंदी आणण्यात आली. आवडीचा कारखाना आता 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे आहे, आणि २०२५ मध्ये तेथे कनिष्ठ तंत्रज्ञांची जी मोठी भरती निघाली, ती कंत्राटी मुदतीची होती.

म्हणजे रणगाडा चालविणारा चार वर्षांच्या मुदतीचा आणि रणगाडा बनविणाराही मुदतीचाच! छावणी आणि कारखाना यांच्यामध्ये कुंपण आहे, पण दोन्हीकडे लागू झालेले धोरण एकच आहे. कायम श्रमाच्या जागी मुदतीचे श्रम आणावयाचे, आणि त्यास कोठे 'आधुनिकीकरण' तर कोठे 'देशसेवा' असे नाव द्यावयाचे. रंगनाथन स्ट्रीटवरील दुकान कामगार, आवडीचा कंत्राटी तंत्रज्ञ आणि अग्निवीर हे तिघे परस्परांना ओळखत नसतील, पण त्यांच्यावरील संकट एकाच जातीचे आहे.

गणवेशातील तंत्रज्ञ जनतेपासून तुटलेला असतो, असे समजणारांनी फेब्रुवारी १९४६ आठवावा. १८ तारखेला मुंबईत उठाव झाला, तो 'तलवार' या नाविक तळावर. तेथे संदेशवहनाचे तांत्रिक शिक्षण दिले जाई. चांगल्या भवितव्याच्या आश्वासनांवर भरती झालेली शिकलेली मुले निकृष्ट अन्न, शिवीगाळ आणि तुटपुंजा पगार यांना विटून उभी राहिली, आणि बघताबघता ७८ जहाजे व सुमारे वीस हजार नाविक त्यांत सामील झाले. २२ तारखेला मुंबईचा कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आला; परळला कमल दोंदे गोळीबारात हुतात्मा झाल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस जबलपूरच्या सिग्नल केंद्रातील सैनिकही उठले. गणवेशातील ही मुले कामगार-शेतकऱ्यांचीच होती, आजही आहेत. त्या वेळी गिरणगावाने त्यांना 'सरकारचे नोकर' म्हणून दूर लोटले नाही. आज त्यांच्या घरच्या निर्णयाच्या वेळी चळवळीने पाठ फिरविणे त्या परंपरेस शोभणारे नाही.

काय करता येईल?

पहिले काम माहितीचे आहे. पक्षशाखा, विद्यार्थी व युवक संघटना यांनी बारावीच्या निकालाची वाट न पाहता अकरावीतच मुलांना व पालकांना ही दारे समजावून सांगितली पाहिजेत : वयाची अट, विषय, गुण, परीक्षा, मुदत, सेवेचे स्वरूप, खर्चवसुली, अपघाताची भरपाई. महाराष्ट्रातील मुलांसाठी राज्य सरकारने १९७७ पासून छत्रपती संभाजीनगर येथे, तेव्हाच्या औरंगाबादेत, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था चालविली आहे. दहावीनंतर तेथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला निघाली. सरकारी खर्चाची अशी सोय आहे, हे किती शेतमजुरांच्या घरी ठाऊक आहे? आणि चेन्नई, कोइमतूर, सेलम येथे वाढणाऱ्या गलाई कामगारांच्या मुलांपर्यंत ती माहिती कोण पोचविणार? जेथे कार्यालयाची खोली संध्याकाळी रिकामी असते, तेथे चार निवृत्त शिक्षक गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू शकतात. एवढ्याने जेईईची पायरी मोडून पडणार नाही, पण ती चढावयास हात मिळेल.

दुसरे काम मागण्यांचे आहे. तांत्रिक सैनिकांची भरती पूर्ववत कायम सेवेची आणि निवृत्तिवेतनासह व्हावी. अधिकारीपदाच्या परीक्षा सर्व प्रमुख भारतीय भाषांत घेतल्या जाव्यात. बारावीनंतरची तांत्रिक प्रवेश योजना मुलींना खुली व्हावी. सरकारी शाळांतील मुलांसाठी तयारीची विनामूल्य केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत निघावीत. प्रशिक्षणात अपंग झालेल्या छात्रास सैनिकाचा दर्जा मिळावा. संरक्षण कारखान्यांतील कायम जागा कायम कामगारांनीच भरल्या जाव्यात. यांतील एकही मागणी देशाच्या संरक्षणाच्या विरोधात नाही. उलट, त्यांच्यावाचून संरक्षण मजबूत होणार नाही.

तिसरे काम अभियांत्रिकी शिक्षण स्वस्त व सार्वजनिक ठेवण्याचे आहे. मुलगा आवडीने लष्करात गेला, तर ती त्याची निवड. महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही म्हणून गेला, तर तो नाइलाज. गिंडीच्या महाविद्यालयात शिकण्याचा हक्क ज्याला खरोखर आहे, तोच परंगीमलैकडे किंवा दापोडीकडे जाण्याचा निर्णय मोकळेपणाने घेऊ शकतो.

आणि त्या मुलाला उत्तर काय द्यावयाचे? त्याला सांगावे की, अभियंता व्हावयाचे असेल, तर लष्कराच्या पहिल्या दारावर निःशंकपणे धडक मार. तेथे बसलेल्या कोणाहीपेक्षा तुझा हक्क कमी नाही. जोडीला राज्याच्या अभियांत्रिकी प्रवेशाचा अर्जही भरून ठेव, कारण ९० जागांच्या दारावर एकट्याने विसंबून राहता येत नाही. चार वर्षांच्या दाराकडे घाईने वळू नकोस. वळावेच लागले, तर चार वर्षांनंतर काय, हा प्रश्न घेऊनच आत जा आणि पदवीची वाट मधेच सोडू नकोस. आत गेल्यावर आपण कोणाच्या कष्टांवर शिकलो, हे ध्यानात ठेव : भट्टीपुढच्या बापाच्या, काउंटरमागे उभ्या असलेल्या बहिणीच्या.

गुणपत्रिका हातात घेऊन उभ्या असलेल्या मुलाला भाषण नको असते. बरोबर बसून अर्ज वाचणारा माणूस हवा असतो. तेवढा वेळ ज्या शाखेपाशी असेल, तिचे म्हणणे तो उद्या गणवेशात असतानाही ऐकेल.